छताच्या पोटातल्या पेट्या

ज्या कामात सगळं सुरळीत पार पडलं, त्या कामाचं आज मला काहीच आठवत नाही. पनवेल, नवीन पनवेल, सुकापूर, पार उरणपर्यंत आम्ही छतात पेट्या बसवल्या. किती, ते विचाराल तर सांगता येणार नाही. पण कुठे काय बिघडलं आणि तेव्हा कोण काय बोललं, ते शब्दाला शब्द पाठ आहे! एक किस्सा आठवला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. परवा घरी पाहुणे आले होते. सुलभा, म्हणजे माझी बायको, त्यांना म्हणाली, "यांना पेट्यांबद्दल काही विचारू नका हं, जेवण गार होईल."

त्यांनी विचारलं. जेवण गार झालं!

आता पेटी म्हणजे काय ते आधी सांगतो. नव्वदच्या सुमारास आमच्याकडे फॉल्स सीलिंगची साथच आली होती. दवाखाना असो, हॉटेल असो, नाहीतर कुणाचा नवा फ्लॅट. स्लॅबच्या खाली वीतभर अंतर सोडून पीओपीचं दुसरं छत करायचं, त्याला गोल भोकं पाडायची आणि त्यात स्पीकर बसवायचे. दिसायला झकास! पण स्पीकर जेवढा आवाज खाली सोडतो, तेवढाच पाठीमागून वरही सोडतो. पाठ उघडी राहिली की तो वरचा आवाज पोकळीत हिंडतो, घुमतो, शेजारच्या खोलीत शिरतो. खाली आपल्या वाट्याला येतो तो पातळ, पत्र्यासारखा आवाज. उपाय एकच. स्पीकरच्या पाठीवर जड, घट्ट, बंद पेटी बसवायची. परदेशात अशा पेट्या तयार मिळतात, असं मी एका मासिकात वाचलं होतं. पनवेलच्या बाजारात मिळत नव्हत्या. म्हणून आम्ही केल्या!

आम्ही म्हणजे चौघं. मी कर्णिक. रसायनीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो, पहिली पाळी करून दुपारी चारच्या आत घरी यायचो. युसूफभाई सुतार. हात असा की लाकूड त्यांचं ऐकायचं. धर्मा कोळी, उरणकडच्या खाडीवरचा, गालात सदा तंबाखूची गोळी. शिडीवर चढणं, छताच्या पोकळीत शिरणं, पेट्या टांगणं ही सगळी त्याची कामं. आणि चौथी सुलभा. ती काय करायची, ते येईलच ओघात. आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती, तेच वर्कशॉप.

*

पहिली पेटी केली ती एका डॉक्टरांसाठी. त्यांनी नवा दवाखाना थाटला होता. वेटिंग रूमच्या छतात चार स्पीकर, आणि रिसेप्शनवरची मुलगी माइकवरून पुकारायची, "नंबर बारा, आत या!"

वरच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. रिटायर्ड, एकटे, स्वभाव कडक. ते डॉक्टरांना म्हणाले, "दिवसभर माझ्या पलंगाखालून एक मुलगी आकडे ओरडते. हे काय चाललंय?"

डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. युसूफभाईंनी प्लायवूडच्या चार पेट्या केल्या, मी वायरिंग केलं, धर्माने वर चढून बसवल्या. आणि काय सांगू! खाली आवाज भरदार झाला आणि वर चिडीचूप. मी स्वतः आजोबांच्या पलंगाखाली कान लावून खात्री केली.

आठवड्याने डॉक्टरांचा निरोप आला, आजोबांना तुम्हाला भेटायचंय. मला वाटलं, आभार मानतील. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

आजोबा दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मला बघून म्हणाले, "आलात का? अहो, पूर्वी मला घरबसल्या कळायचं कितवा नंबर चाललाय. माझ्या आधी दोघं राहिले की मी जिना उतरायचो. आता हे बघा, पाऊण तास झाला इथे बसलोय!"

मी म्हटलं, "आजोबा, तुमचीच तक्रार होती ना?"

"होती. आता दुसरी आहे. चारपैकी माझ्या पलंगाखालची तेवढी एक पेटी काढा!"

*

या यशाने माझ्या डोक्यात हवा गेली. कर्नाळ्याच्या अलीकडे हायवेवर एक हॉटेल उभं राहत होतं. तिथे दहा स्पीकर होते आणि मालकाला काम चार दिवसांत हवं होतं. मी म्हटलं, प्लायवूड कापत कोण बसणार? तेलाचे रिकामे डबे घ्यायचे, तोंड कापायचं, स्पीकरवर उपडे घालायचे. आयती पेटी!

युसूफभाईंनी डब्यावर टिचकी मारली. टण्ण! ते म्हणाले, "कर्णिकसाब, हा स्पीकरच्या आधी स्वतःच बोलतोय. याच्यात आवाज बंद करणार तुम्ही?"

"आतून कापड लावू."

"लावा. पण मी केलं असं कुणाला सांगू नका. माझी इज्जत आहे."

डबे बसले. उद्घाटनाच्या दिवशी सनई सुरू झाली आणि सनईच्या मागे कुणीतरी दहा पिंपं बडवतंय असं वाटायला लागलं. ते एक वेळ चाललं असतं. पण मे महिना, वर स्लॅब तापलेला, आणि डबे आम्ही धुतले होते ते घाईघाईत. जेवणाची पहिली पंगत बसली आणि स्पीकरच्या जाळीतून थेंब थेंब शेंगदाण्याचं तेल गळायला लागलं!

मी भिंतीला टेकून उभा.  कोपऱ्यातल्या टेबलावर एक जाडजूड गृहस्थ मिसळ खात होते. त्यांच्या ताटात थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं, मग वेटरला बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, "वाढायची पद्धत नवीन आहे. पण मिसळीवर नको, भातावर सोडा!"

सगळे डबे उतरवले. युसूफभाईंनी रजा टाकल्यासारखी इतर सगळी कामं बाजूला ठेवून तीन दिवसांत दहा पेट्या करून दिल्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पुढे कित्येक वर्षं, मी काही नवीन सुचवलं की ते लांब पडलेल्या एखाद्या डब्याकडे बघायचे!

*

पेटी नुसती रिकामी चालत नाही. आत काहीतरी मऊ भरावं लागतं, नाहीतर आवाज आतल्या आत आपटत राहतो. मासिकात ग्लास वूल, म्हणजे काचतंतूंचा कापूस, लिहिलं होतं. मी कारखान्याजवळच्या दुकानातून ते आणलं, आम्ही तिघांनी हातांनी भरलं, आणि मग दोन दिवस तिघंही झाडाला पाठ घासणाऱ्या म्हशींसारखे खाजवत फिरत होतो. सुलभाने ते सगळं पोत्यात भरून बाहेर काढलं आणि जुन्या गोधड्या फाडून त्यांच्या पिशव्या शिवल्या. एका पेटीला एक पिशवी, चार ठिकाणी सरस लावून जागेवर पक्की. ग्लास वूलपेक्षा आवाज गोड यायचा, हे मी पैज लावून सांगेन.

पण सुलभाची खरी करामत वेगळी होती. पेटी तयार झाली की ती चहाचा कप घेऊन शेडच्या दारात उभी राहायची आणि ऐकून निकाल द्यायची. "हा नाकात बोलतोय." "याला सर्दी झालीय." "हा चांगला, पण जरा भित्रा आहे." मग आम्ही पेटी उघडून बघायचो. नाकात बोलणाऱ्या पेटीला कुठेतरी फट असायचीच!

एका कंपनीच्या मीटिंग हॉलचं काम आम्ही केलं. बारा स्पीकर, बारा पेट्या. काम पास करायला मुंबईहून एक इंजिनियर आला. गळ्यात टाय, हातात मीटर. तो प्रत्येक स्पीकरखाली उभा राहून आकडे लिहून घेत होता. सुलभा त्या दिवशी सहज म्हणून माझ्याबरोबर आली होती आणि दाराशी उभी होती.

इंजिनियर म्हणाला, "एव्हरीथिंग ओके. सगळे सारखे आहेत."

सुलभा म्हणाली, "खिडकीकडून तिसरा नाही."

तो हसला. "मॅडम, मीटरवर सगळ्यांचं रीडिंग सेम आहे."

"असेल. पण तो तिसरा बाकीच्यांबरोबर गात नाहीये."

मीटर त्याच्या बाजूने होतं. पण बायको बोलली म्हणजे बघायला हवं. धर्मा वर चढला, पेटी उतरवली. तिसऱ्या स्पीकरच्या दोन वायरी उलट्या जोडलेल्या होत्या! म्हणजे बाकीचे अकरा पुढे ढकलत होते तेव्हा हा एकटा मागे ओढत होता. एकेकट्याचा आवाज मोजला तर मीटरला ते कळायचं कारण नाही. चूक माझीच होती, ती मी कबूल केली. वायरी बदलल्या आणि हॉल एकदम भरून आला.

इंजिनियरने मीटर खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही साउंडचं कुठे शिकलात?"

सुलभा म्हणाली, "मी बालवाडीत शिकवते. चाळीस मुलं प्रार्थना म्हणतात, त्यात कोण नुसतं तोंड हलवतंय ते रोज ओळखावं लागतं!"

*

धर्माचं वजन त्या वेळी नव्वदच्या पुढे होतं. एवढा माणूस छताच्या वीतभर पोकळीत कसा शिरायचा, हे मला आजही कोडं आहे. विचारलं की म्हणायचा, "भाऊ, होडीच्या फळीखाली शिरून पानी काडलंय आमी. यो तर बंगला हाय!"

पेट्या छताच्या पीओपीवर ठेवून चालत नाहीत. वजनाने तडे जातात. त्या वरच्या स्लॅबला टांगाव्या लागतात. पहिल्यांदा आम्ही लोखंडी तारेने टांगायचो, पण गाणं सुरू झालं की तार झिणझिणायची. धर्माने एक दिवस घरून जाळ्याची नायलॉनची दोरी आणली, आणि अशा काही गाठी मारल्या की पेटी हलेना, आवाज करेना, आणि हवी तेव्हा एका झटक्यात सुटायची.

उरणच्या एका मंगल कार्यालयात त्या गाठी बघून तिथला सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर भडकला. "दोरीने टांगताय? खाली माणसं जेवायला बसणार आहेत! लग्नात कुणाच्या डोक्यावर पडली तर? मी हे चालू देणार नाही."

मी त्याला समजावत होतो.  धर्माने शिडीवरून हात वर घातला, पेटी सोडून बाजूला ठेवली, त्याच दोरीला दोन्ही हातांनी धरलं आणि शिडी पायाने ढकलून दिली!

नव्वद किलोंचा धर्मा अधांतरी. दोरी एक सूतभरही सरकली नाही. कॉन्ट्रॅक्टर आधी ओरडला, मग म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे, पटलं. उतर खाली."

धर्मा वरून म्हणाला, "घाई नाय. तुमी निवांत बगा. याच गाठीवर आमचा बाप समिंदरात जायाचा नि परत यायाचा."

कॉन्ट्रॅक्टरने स्वतः धावत जाऊन शिडी उभी केली. नंतर त्याने आमचं नाव आणखी दोन कार्यालयांना सुचवलं. सुचवताना सांगायचा, "माणसं चांगली आहेत. फक्त त्यांच्याशी वाद घालू नका!"

*

हा छोटासा. बाजारपेठेतला एक व्यापारी. नवं घर, नवं छत, हॉलमध्ये सहा स्पीकर, बेडरूममध्ये एक. बाकी सगळ्या पेट्या त्याने नजरेखालून घातल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बेडरूमची पेटी जरा मोठी करा."

"का हो? बेडरूमला तर छोटा स्पीकर पुरतो."

"तसं नाही. मोठी करा. आणि तिला खालून उघडेल असं झाकण ठेवा."

"झाकण ठेवलं तर स्पीकर नीट वाजणार नाही."

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "स्पीकर नाही बसवला तरी चालेल!"

*

युसूफभाईंचा एक नियम होता. पेटी छतात जाऊन बसणार, पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नाही, तरी तिचे कोपरे ते खाचेत खाच बसवून जोडायचे. खिळा एकही नाही. कडा गोल करायच्या, पॉलिश पेपर मारायचा, वरून हात फिरवून बघायचा. माझा जीव वर-खाली व्हायचा. गिऱ्हाईक खोळंबलंय आणि हे हात फिरवतायत!

एकदा मी म्हटलं, "युसूफभाई, हे कोण बघणार आहे?"

ते म्हणाले, "मी बघतोय ना."



सुकापूरला एका बँकेतल्या साहेबांनी फ्लॅट घेतला होता. हॉलच्या छतात दोन स्पीकर. आम्ही पेट्या घेऊन गेलो. साहेब ऑफिसला जायच्या गडबडीत होते. एका हातात डबा, एका पायात बूट. टेबलावर ठेवलेली पेटी त्यांनी पाहिली आणि थांबले. दुसरा बूट तसाच राहिला. पेटी उचलली, उलटी केली, जोडावरून अंगठा फिरवला. "हे कुणी केलं?"

युसूफभाई म्हणाले, "जी, मी."

साहेबांनी बायकोला हाक मारली. तीही बघायला आली. मग शेजारचे आले. साहेब सगळ्यांना जोड दाखवत होते, जणू त्यांनीच केलाय. आणि मग त्यांनी शोकेसची काच सरकवली, आतली विमानाची प्रतिकृती आणि दोन कप काढून बाजूला ठेवले, आणि पेटी मधोमध ठेवली!

मी म्हटलं, "साहेब, ती छतात जायचीय."

"छतात? ही? तुम्ही वेडे आहात का! छतासाठी दुसरी आणा, जरा साधी असेल तर चालेल."

 परत येताना मला वाटलं, युसूफभाई खूश असतील. तर शेडमध्ये शिरताना कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "साधी म्हणजे कशी करतात, कर्णिकसाब? मला येत नाही."

चार दिवसांनी नेली ती पहिलीपेक्षा देखणी होती. साहेबांनी शोकेसमधल्या पेटीच्या शेजारची जागा रिकामी करायला घेतली, तेवढ्यात धर्माने ती हातातून ओढून घेतली आणि शिडीवर चढला! 

*

आपटा गावात पाताळगंगेच्या काठी पुण्याच्या एका कुटुंबाने घर बांधलं होतं. काका आणि काकू दोघंही रिटायर्ड, दोघांनाही गाण्याचं वेड. व्हरांड्याच्या लाकडी छतात सहा स्पीकर लावायचे ठरले. सहा पेट्या आम्ही नेऊन ठेवल्या, पण छताचं पॉलिश ओलं होतं, म्हणून काम पंधरा दिवस पुढे गेलं. पेट्या व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

पंधरा दिवसांनी गेलो तर काकू तोंडावर बोट ठेवून गेटपाशी उभ्या. "हळू! आवाज करू नका."

सगळ्यात वरच्या पेटीत, स्पीकरसाठी ठेवलेल्या गोल भोकातून आत जाऊन, दयाळ पक्ष्याच्या जोडीने घरटं केलं होतं! आत सुलभाने शिवलेली गोधडीची पिशवी होती. तिच्यावरच काड्या, मुळं, गवत. चार अंडी.

मी म्हटलं, "काकू, परवा तुमच्याकडे पाहुणे येणार आहेत ना? वाढदिवस आहे काकांचा."

"मग? पाहुण्यांसाठी अंडी बाहेर काढू?"

युसूफभाई पेटीकडे कौतुकाने बघत होते. म्हणाले, "माशाल्ला, जागा बघून घेतलीय. एक फट नाही सापडणार त्यांना."

धर्माने ती पेटी तशीच्या तशी, जराही न हिंदकळवता, अलगद उचलून व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवली. आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मादी झाडावरून बघत होती. काकूंच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. आणि मग ती आली, कपाटावर बसली, शेपटी वर-खाली केली आणि भोकातून आत गेली. काकूंनी माझा हात एवढा घट्ट धरला होता की बोटं दुखली!

पाच स्पीकर बसवून आम्ही परतलो. वाढदिवसाला आम्हालाही बोलावणं होतं. सकाळचा कार्यक्रम. छतातून सतार वाजत होती आणि कपाटाजवळच्या फांदीवर नर दयाळ घसा मोकळा करून गात होता. एका पाहुण्याने छत न्याहाळून विचारलं, "पाचच स्पीकर? सहाव्याची जागा रिकामी दिसतेय."

काका कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "पाच रेकॉर्डेड. सहावा लाइव्ह!"

*

आणि आता सबनीस बाईंच्या शाळेचा.

शाळा पनवेलमधलीच, नाव राहू दे. सबनीस बाई तिथे मुख्याध्यापिका, तरुणपणी उरणकडच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. नुसती कुजबुज उरली. रिटायर व्हायला अजून अडीच वर्षं होती. कमिटीची माणसं वाईट नव्हती, पण त्यांचंही म्हणणं होतं, चारशे मुलांच्या हॉलमध्ये मुख्याध्यापिकेचं बोलणं ऐकूच येणार नसेल तर शाळा चालायची कशी? हॉलमध्ये नवीन छत होतं, माजी विद्यार्थ्यांनी दिलेले आठ स्पीकर होते. पण बाईंची कुजबुज ऐकू यावी म्हणून माइक वाढवला की सगळा हॉल कुईंऽऽ करून किंचाळायचा. मुलं कानांवर हात ठेवून हसायची. बाई खाली उतरायच्या.

कमिटीने सांगितलं, पुढच्या शनिवारच्या प्रार्थनेला आम्ही शेवटच्या रांगेत बसू. बाईंचं बोलणं कळलं तर ठीक. नाहीतर बाईंनी दिवाळीपासून विश्रांती घ्यावी.

मी आणि युसूफभाई बाईंना भेटलो. त्यांनी कागदावर लिहून दिलं, "शेवटच्या रांगेपर्यंत. पण ओरडल्यासारखं नको. मी आयुष्यात मुलांवर ओरडले नाही."

शिडीवर चढून बघितलं तर पोकळी जेमतेम सहा बोटांची! आमची कुठलीच पेटी त्यात मावत नव्हती. युसूफभाई शेडमध्ये बराच वेळ पाटावर बसून राहिले. मग उठले, तो पाट उलटा केला, मला दाखवला आणि म्हणाले, "अशी करू. उंच नाही, पसरट." पाटासारख्या आठ पेट्या! इतक्या मोठ्या आणि इतक्या चपट्या पेट्या आम्ही कधी केल्या नव्हत्या. सुलभाने पिशव्यांच्या जागी गोधडीच्या चौकोनी घड्या शिवल्या. मी माइक बदलला, त्याची जागा बदलली, दर संध्याकाळी हॉलमध्ये बसून पुन्हा पुन्हा तपासलं.

धर्मा मात्र त्या आठ दिवसांत विचित्र वागत होता. एरवी बडबड्या माणूस. इथे तोंड बंद. बाई हॉलमध्ये येताना दिसल्या की हा शिडीवर, डोकं छताच्या भोकात! चहासुद्धा वरच मागवायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, बाई आपलं काम बघायला आल्यात, खाली ये." वरून आवाज आला, "काम चालू हाय, भाऊ!" मी म्हटलं, जाऊ दे.

शनिवार उजाडला. चारशे मुलं ओळीने उभी. शेवटच्या रांगेत कमिटीचे पाचजण, खुर्च्यांवर. सुलभा त्यांच्या मागे भिंतीला टेकून. युसूफभाई दाराबाहेर, हात पसरून काहीतरी पुटपुटत. मी अ‍ॅम्प्लिफायरपाशी, बटण दोन्ही हातांनी धरून. धर्मा पार मागे, खांबाच्या आडोशाला.

बाई माइकपाशी आल्या. चष्मा नीट केला.

"मुलांनो, बसा."

कुजबुजच ती. पण हॉल किंचाळला नाही. कुणीतरी शेजारी वाकून कानाशी बोलावं तसे ते दोन शब्द आठही ठिकाणांहून उतरले, आणि चारशे मुलं एकदम खाली बसली. कमिटीच्या अध्यक्षांनी मान वर करून छताकडे पाहिलं. सुलभाने लांबून मला मान हलवून दाखवली. कुणीही नाकात बोलत नव्हतं. मी बटणावरचे हात काढले.

 मुलांवरून बाईंची नजर मागे मागे सरकत गेली, कमिटीच्या खुर्च्यांवरून पुढे, आणि खांबापाशी थांबली. 

"धर्मा," छतातून कुजबुज आली, "चौथीत काय सांगितलं होतं? वर्गात येताना तोंडातलं थुंकून यायचं."

चारशे माना वळल्या. पाचही खुर्च्या वळल्या. चाळिशी ओलांडलेला, दोन पोरींचा बाप, नव्वद किलोंचा धर्मा खांबाआडून निघाला आणि खाली मान घालून दाराबाहेर गेला. बाहेरच्या नळावर चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. 

मग तो आत आला. उपरण्याने तोंड पुसलं, दोन्ही हात सरळ खाली सोडले, ताठ उभा राहिला आणि माइकशिवाय, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा म्हणाला,

"आला, बाई! आवाज आला!"